रुकडी आणि वळिवडे स्थानकांचा इतिहास व सध्याच्या सेवा

रुकडीकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात रुकडी रेल्वे स्थानकाविषयी एक माहितीफलक लावण्याचे ठरले आहे आणि मजकूर तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कोल्हापूर–मिरज मार्गाबद्दल जे वाचायला मिळते, ते बहुतेक कोल्हापूर किंवा मिरज या दोन टोकांविषयी असते; मधल्या लहान स्थानकांची नोंद एखाद्या ओळीत संपते. गावात मात्र ‘ही रेल्वे शाहू महाराजांनी आणली’ असे सर्रास सांगितले जाते. हे विधान फलकावर जसेच्या तसे लिहावे काय? तसेच शेजारच्या वळिवडे स्थानकाचा उल्लेख करणे योग्य ठरेल काय, आणि सध्याच्या गाड्यांविषयी किती तपशील द्यावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

मीटरगेज

आपण हे काम हाती घेतले, याचा आनंद वाटला. शाहू महाराजांविषयीचे विधान थोडे नेमके करून लिहावे, असे मला वाटते. या मार्गाची पायाभरणी १८८८ साली शाहू महाराजांच्याच हस्ते झाली, हे खरे आहे; परंतु त्या वेळी ते अवघे तेरा-चौदा वर्षांचे होते. त्यांना राज्याधिकार मिळाले ते १८९४ साली, आणि मार्ग तर १८९१ सालीच सुरू झाला होता. म्हणजे रेल्वे आणण्याचा निर्णय त्यांच्या अल्पवयात राज्यकारभार पाहणाऱ्यांचा होता आणि मार्ग कोल्हापूर संस्थानाच्या मालकीचा होता. गाड्या चालविण्याचे काम मात्र सदर्न मराठा रेल्वे या कंपनीकडे होते.

महाराजांचे खरे कर्तृत्व त्यानंतरचे आहे आणि फलकावर भर त्यावर असावा. रूळ आयते हाती आल्यावर त्यांच्या आधाराने बाजारपेठा कशा वसवाव्यात, हे त्यांनी दाखवून दिले. १८९५ साली कोल्हापूर स्थानकाजवळ शाहूपुरीची गुळाची पेठ उभी राहिली. १९१७ साली याच मार्गावर, आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने, त्यांनी जयसिंगपूर वसविले. आखीव रस्त्यांचे ते गाव आज तालुक्याच्या ठिकाणाहूनही मोठे झाले आहे.

पुढचा प्रशासकीय इतिहास दोन ओळींत आटोपता येईल. १९०८ साली कंपनीचे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेत रूपांतर झाले, १९५१ साली दक्षिण रेल्वे झाली, १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे झाली आणि सध्या हा मार्ग मध्य रेल्वेच्या पुणे विभागात आहे. मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, झाल्याचे मात्र आवर्जून लिहावे. १९७१ च्या सुमारापर्यंत ही मीटरगेज, म्हणजे कमी रुंदीच्या रुळांची, लाइन होती आणि मुंबईला जाणाऱ्याला पुण्यात उतरून, सामान उचलून दुसऱ्या गाडीत बसावे लागत असे. आमच्या वडिलांच्या पिढीला या बदलाचे अप्रूप संस्थान विलीन होण्याइतकेच होते, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे ठरू नये.

पंचगंगाकाठ

वरील माहितीत एका गोष्टीची भर घालतो. रुकडीचा रेल्वेशी असलेला संबंध केवळ स्थानकापुरता नाही. पंचगंगेवरील पूल हा त्याचा अधिक महत्त्वाचा भाग आहे. रुकडी आणि वळिवडे यांच्यामध्ये नदी आहे, आणि कोल्हापूर शहर नदीच्या दक्षिणेला असल्यामुळे या एका पुलाखेरीज शहरात रेल्वे येऊच शकत नाही.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत रुकडीच्या पुलापाशी पाणी चढल्यामुळे मिरज–कोल्हापूर वाहतूक बंद ठेवावी लागली आणि गाड्या मिरजेतच थांबविण्यात आल्या. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी कोल्हापूरकरांना पाठ असते, पण रेल्वे स्वतःच्या पुलाच्या खांबावरील खुणा पाहून निर्णय घेते. पाणी खुणेजवळ आले की प्रथम गाड्यांचा वेग कमी केला जातो, गस्त वाढते आणि पाणी पुलाच्या तुळईला (खांबांवरील आडव्या भागाला) भिडण्याची शक्यता दिसताच वाहतूक थांबते. पाणी उतरले तरी गाडी लगेच सोडली जात नाही, कारण पायाभोवतीची माती वाहून गेली आहे का, हे आधी तपासावे लागते. पूर ओसरल्यावर ‘आता कशाला थांबलेत?’ असा जो त्रागा होतो, त्याचे उत्तर फलकावर द्यायला हरकत नाही.

दुसरा त्रागा क्रॉसिंगचा. मार्ग एकेरी असल्यामुळे समोरून येणारी गाडी पुढे जाईपर्यंत एका गाडीला स्थानकाच्या दुसऱ्या रुळावर उभे राहावे लागते. कोल्हापूर हाकेच्या अंतरावर असताना रुकडीत ताटकळावे लागते ते यामुळेच.

वळिवडे_गांधीनगर

वळिवड्याचा उल्लेख अवश्य करावा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८ दरम्यान, येथे पोलंडमधील निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत राजवटीने घरादारांतून उचलून दूर नेलेली ही माणसे इराणमार्गे भारतात पोहोचली होती. सुमारे पाच हजार लोक, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, येथे राहत होते. त्यांच्या शाळा, दवाखाना आणि प्रार्थनास्थळ छावणीतच होते. वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाने स्मारक आहे, ते या आश्रयाची आठवण म्हणून. पोलिश लोक गेल्यानंतर फाळणीमुळे आलेल्या सिंधी कुटुंबांची वसाहत येथे झाली. तेच आजचे गांधीनगर, आणि त्याच्या कापडबाजाराची ओळख करून देण्याची गरज नाही.

सेवांविषयी माझे मत वेगळे आहे. गाड्यांची वेळापत्रके रंगवून लिहू नयेत. ती बदलतात आणि फलक चुकीचा ठरतो. या लहान स्थानकांचा खरा आधार पॅसेंजर गाड्या आहेत. पुणे–कोल्हापूर वंदे भारत २०२४ साली सुरू झाली, पण ती कोल्हापूर सोडल्यावर थेट मिरजेलाच थांबते. एक्स्प्रेस गाड्यांसाठी आपल्या भागातील लोक हातकणंगल्याला जातात. इचलकरंजीकरांनाही तेच स्थानक सोयीचे पडते. करोनाकाळात पॅसेंजरला एक्स्प्रेसचे भाडे लागू झाले होते, ते २०२४ च्या सुरुवातीला पूर्ववत झाले, हे अजूनही अनेकांना ठाऊक नाही.

रुकडीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पायाभरणी आणि राज्याधिकार यांतील वर्षांचा फरक स्पष्ट करूनच मजकूर लिहितो आणि पुलाला स्वतंत्र परिच्छेद देतो. वेळापत्रकासाठी फलकाखाली कागद बदलता येईल अशी काचेची चौकट ठेवू, आणि त्यावर चौकशीचा १३९ हा क्रमांक ठळक छापू. मीटरगेजच्या काळातील रुकडी स्थानकाचे छायाचित्र कोणाच्या घरच्या संग्रहात असल्यास कृपया येथे कळवावे. मूळ प्रत जागेवरच पाहून, तिची नक्कल करून परत देण्याची जबाबदारी माझी.