मदत हवी आहे: आजोबांच्या .३१५ रायफलला ७.६२ चं काडतूस चालवा म्हणतात काका

मंडळी, धागा लांबलाय, पण सगळं एकदाच सांगतो.

आमचं गाव चंदगड तालुक्यात. घरात .३१५ इंच मापाची, बोल्टची (हातानं मागेपुढे करून काडतूस आत ढकलायच्या दांड्याची) रायफल आहे, बंगालातल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याची. आजोबांनी पीकसंरक्षणासाठी घेतलेली, त्यांच्यानंतर परवाना वडिलांच्या नावावर झाला. हल्ली तिचं काम म्हणजे डुकरं उसात घुसली की हवेत एखादा बार. गव्यावर रोखायचा प्रश्नच नाही, तो वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधला, म्हणजे पूर्ण संरक्षित प्राणी आहे. वडील आता ७४ चे, रायफल उचलली की खांदा धरतो. म्हणून परवाना माझ्या नावावर घ्यायचं चाललंय.

अडचण अशी की दसऱ्यापासून मॅगझिन (काडतुसं ठेवायचा खालचा डबा) बोल्टला काडतूस नीट देत नाही. पहिलं काडतूस सरळ जातं. दुसऱ्याला बोल्ट पुढे ढकलला की मध्येच अडतो, काडतुसाचं टोक वर न येता पुढच्या भिंतीला टेकून बसतं. मग मॅगझिन काढा, बोटानं काडतूस उपसा, परत लावा. तोवर डुकरं बांधापलीकडे.

यात आमचे संपतकाका पडले. काका फौजेतून निवृत्त, त्यांचा शब्द गावात शेवटचा. त्यांचं म्हणणं, .३१५ चा नाद सोडा, काडतुसं मिळायची मारामार. "इशापुरानं .३०३ ची ७.६२ न्हाई का केली? तीच रायफल, खाली चौकोनी डबा लावला की झालं. मग आपल्याला काय धाड भरलीया?" त्यांच्या ओळखीचा एक कारागीर आहे म्हणे, डबा बदलून देतो.

काकांचं अर्धं खरं आहे, म्हणूनच वाद घालणं अवघड जातंय. १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरच्या कारखान्यानं जुन्या ली-एनफिल्डच्या, म्हणजे लष्कराच्या .३०३ रायफलीच्या घडणीवर ७.६२ ची रायफल खरोखरच काढली. आधी २ए, मग २ए१. चौकोनी डबाही खरा, त्यात १२ काडतुसं बसत. पण मी जेवढं वाचलं त्यावरून डबा ही त्यातली शेवटची गोष्ट वाटते. त्यांनी जुनी .३०३ घेऊन कापाकापी केली नव्हती, नवी रायफलच बनवली, तीही जास्त चांगल्या पोलादाची. .३०३ चा बार उडताना होणारा कमाल दाब मानकात ३६५० बार (दाबाचं एकक) धरतात, ७.६२ च्या नागरी भावंडाचा, म्हणजे .३०८ चा, ४१५० बार. शिवाय .३०३ च्या बुडाला बाहेर आलेली कड असते, ७.६२ ला ती नाही, तिथे नुसती खाच. म्हणून काडतूस मागे ओढणारा आकडाही त्यांना बदलावा लागला.

आमची .३१५ तर त्याहून वेगळ्या घराण्यातली, मूळची ऑस्ट्रियाची ८ बाय ५० मॅनलिखर. इंग्रजांना लष्करी काडतूस रयतेच्या हाती नको होतं, म्हणून हे शिकारी माप आपल्याकडे रुळलं. गोळी ८.२ मिलिमीटरच्या आसपास, ७.६२ ची ७.८२. म्हणजे डबा बदलून काडतूस आत गेलंच, तरी गोळी नळीत पेढ्याच्या खोक्यातल्या शेवटच्या पेढ्यासारखी हलणार. आणि कडेशिवाय ते काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या जागेत) अडकून राहणार कशावर? बोल्टमागे तोंड कोणाचं असेल, हे काकांना विचारलं तर म्हणाले, "तू पुण्याला गेल्यापासून लई भितोस."

कायद्याचं मला समजलेलं असं: ७.६२ आणि .३०३ दोन्ही प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणारी लष्करी मापं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे हत्यारात फेरफार करायला, इतकंच काय दुरुस्तीलासुद्धा, कारागिराकडे तसा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना फेरफाराला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. चुकत असेन तर सांगा.

आता प्रश्न.

कड असलेल्या काडतुसाचं मॅगझिन असं अडतं ते कशानं? स्प्रिंग बसली असेल का? आणि दुरुस्तीचा परवाना असलेला दुकानदार नुसतं मॅगझिन बघून देईल, की सगळी रायफल न्यावी लागेल?

भर, दहा दिवसांनी:

उत्तरं देणाऱ्या सगळ्यांचे आभार. एकानं लिहिलं होतं की भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे, मागे राहिली तर वरचं पुढे जाताना खालच्यात अडकतं. वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, हे आजोबांनी त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि ते तसंच भरतात. म्हणजे ते कारण नव्हतं.

मग वडील स्वतः परवाना घेऊन रायफल दुकानात घेऊन गेले, मी सोबत. त्या माणसानं मॅगझिन उजेडात तिरकं धरलं आणि विचारलं, "पाडलं होतं का?" आम्ही नाही म्हणालो. मग त्यानं ब्रश आत घातला आणि बाहेर काय आलं, तर हळद. खंडेनवमीला पूजेसाठी मॅगझिन काढून पाटावर ठेवलं होतं, आणि तेव्हा धाकट्या पुतण्यानं पाट ओढला होता, हे तेव्हा कुठे आम्हाला आठवलं. मॅगझिनच्या तोंडाशी काडतूस धरून ठेवणारा वरचा एक ओठ (दुमडलेली कड) जेमतेम दीड मिलिमीटर आत दबला होता, स्प्रिंगवर हळदीचा तेलकट थर. त्यानं ओठ सरळ केला, मोकळी डमी काडतुसं भरून पाच वेळा बोल्ट चालवून दाखवला, एकदाही अडला नाही. रजिस्टरला नोंद झाली, पावती मिळाली.

काकांना पावती दाखवली. ते म्हणाले, "तात्पुरतं हाय." असो.

आता एकच राहिलंय. २०१६ च्या नियमांत परवानाधारक सत्तरीला पोचला की हयातीतच वारसाच्या नावावर परवाना देता येतो, असं आहे. कोल्हापूर जिल्ह्यात हे कुणी अलीकडे केलंय का? मी राहायला पुण्यात, शेती चंदगडला, तर अर्ज कोणत्या जिल्ह्यात करायचा? आणि दोघा बहिणींचं नाहरकत प्रतिज्ञापत्र वेगवेगळं घेतात की एकावर दोघींच्या सह्या चालतात? थोरली बेळगावला असते, तिला दोनदा बोलवायचं म्हणजे मला आधी तिच्याशी भांडावं लागेल.