जर्मनीहून लाकडी नाताळ-सामानाचा खोका आलाय, ह्याचं नेमकं करायचं काय?

दांडियाबाजारची काकू

मंडळी, जरा मदत करा. मुलगा केमनित्सला शिकतोय, त्याची घरमालकीण लहान जागेत राहायला गेली तेव्हा तिने माळ्यावरचं नाताळचं लाकडी सामान ह्याला देऊन टाकलं आणि ह्याने ते सगळं एका मित्राच्या बॅगेत कोंबून इकडे रवाना केलं, म्हणजे तिकडची अडगळ वडोदऱ्याला, पण अडगळ म्हणवत नाही हो, इतकं नाजूक काम आहे की हातात घेतलं की खाली ठेववत नाही.

तर खोक्यात काय निघालंय सांगते. एक लाकडी कमान, वरती सात छोटे बल्ब, आत कातरलेली माणसं, दोन पिनांची वायर. नणंद बघून म्हणाली गणपतीच्या मखरासारखं आहे, आणि खरंच तसंच वाटतं. मग एक तीन मजल्यांची गोल वस्तू, वर लाकडी पात्यांचा पंखा आणि खाली मेणबत्त्यांना वाट्या. एक पाइप ओढणारा म्हातारा, कमरेतून उघडतो. एक लाल कोटवाला सैनिक, पाठीमागची दांडी वर केली की जबडा उघडतो. शिवाय एक खाणकामगार आणि एक परी अशी जोडी, दोघांच्या दोन्ही हातांत मेणबत्तीच्या वाट्या, आणि कुरळ्या सालींचं इवलंसं झाड.

मुलाला विचारलं तर "आई खिडकीत ठेव, मस्त दिसतं", झालं, फोन बंद. कमानीचं म्हणाल तर ह्यांचं ठाम मत आहे की जर्मनीची वस्तू आपल्या सॉकेटात लावली की घराचा फ्यूज उडणार, त्यामुळे ती अजून तशीच पडून आहे. पंख्याच्या वस्तूला मंगळबाजारातून मेणबत्त्या आणून लावल्या, पंखा काही हलेना, वर मेण ओघळून टेबल खराब. म्हाताऱ्याच्या पोटात पूजेच्या दुकानातला धूपाचा कोन ठेवला तर धूर तोंडातून यायचा सोडून कमरेतून! नातवंडं हसून हसून लोळली.

आणि एक, आम्ही काही ख्रिश्चन नाही, तर हे मांडलेलं चालतं का, आणि किती दिवस ठेवायचं असतं?

केमनित्स रिटर्न

काकू, घबाड लागलंय तुम्हाला. हे सगळं एर्त्सगेबिर्गचं काम, म्हणजे सॅक्सनीच्या दक्षिणेला चेक सीमेवरचा डोंगराळ भाग, केमनित्सहून बस पकडली की पोचलात. तिथे ११६८ साली फ्रायबर्गजवळ चांदी सापडली आणि पुढे काही शतकं सगळा मुलूख खाणींवरच जगला. मग धातू आटत गेला, पोटं तर भरायचीच, जंगल भरपूर होतं, तेव्हा खाणवाले लाकडाकडे वळले. झायफेन गावात तर आधी कथील काढायचे, आज तिथे खेळण्यांचं म्युझियम आहे आणि जिकडे बघाल तिकडे कातकामाची दुकानं.

कमानीला श्विबबोगन म्हणतात. सगळ्यात जुनी माहीत असलेली कमान १७४० ची, योहानगेऑर्गनश्टाट गावची, आणि ती लाकडाची नाही, लोखंडाची. तुमच्या कमानीत नीट बघा बरं, दोन खाणकामगार, एक लाकूड कोरणारा आणि एक लेस विणणारी बाई आहे का? असेल तर ते चित्र पाउला जॉर्डन नावाच्या चित्रकार बाईंनी १९३७ साली श्वार्त्सनबेर्गच्या प्रदर्शनासाठी केलेलं, नंतर सगळ्यांनी तेच उचललं. तिकडच्या पोटापाण्याचे तीन धंदे एका कमानीत बसवलेत, खाण, लाकूड आणि लेस.

खिडकीतच का, तर हिवाळ्यात तिकडे सकाळी आठपर्यंत अंधार आणि चार-साडेचारला पुन्हा अंधार, खाणवाला पहाटे आत शिरायचा आणि बाहेर यायचा तेव्हा रात्र, आठवडाभर सूर्य नाही. त्यामुळे त्या लोकांना उजेडाची फार ओढ, आणि दिवा घरातल्यांसाठी नाही तर रस्त्यावरून येणाऱ्यासाठी, म्हणून त्याचं तोंड बाहेर. डिसेंबरात त्या गावांतून संध्याकाळी बस जाते तेव्हा एकही खिडकी काळी नसते, मी तर मुद्दाम शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचो. खाणकामगार आणि परीची जोडी पण खिडकीतच, जुनी पद्धत अशी की घरात जितके मुलगे तितके खाणकामगार आणि जितक्या मुली तितक्या पऱ्या, बाहेरून चालणाऱ्याला मोजता यायचं.

आता पंख्याचं, त्याला पिरॅमिड म्हणतात. काकू, आधी मला सांगा, छताचा पंखा चालू होता का? इथे डिसेंबरात पण आपण एकवर ठेवतोच. मेणबत्तीची गरम हवा सरळ वर गेली पाहिजे, ती पात्यांना ढकलते, बस एवढंच यंत्र आहे, मोटर नाही काही नाही. छताच्या पंख्याची हवा वरून खाली, ती सगळं विस्कटून टाकते. पंखा बंद, खिडकी बंद, मग बघा.

तरी नाही फिरलं तर पाती तपासा. प्रत्येक पातं आपल्या खोबणीत फिरवता येतं, सगळी एकाच दिशेला साधारण ४५ अंश तिरकी हवीत, एक जरी उलटं बसलं तर ते बाकीच्यांशी भांडतं. मधली उभी काठी खाली एका सुईसारख्या टोकावर उभी असते आणि ते टोक बारीकशा काचेच्या किंवा धातूच्या वाटीत टेकलेलं असतं. ती सरळ उभी आहे ना, वाटीत धूळ, केस नाही ना ते बघा, आणि टेबल वाकडं असेल तर खाली कागदाची घडी सरकवा.

मेणबत्त्या तिकडे मापाच्या मिळतात, बहुतेक १४ किंवा १७ मिलीमीटर जाड. पट्टीने वाटी मोजून घ्या. फार उंच लावल्या तर पाती काळी पडतात. आणि फिरत नसताना मेणबत्त्या चालू ठेवू नका, एकच पातं ज्योतीवर अडकून राहिलं तर ते जळतं, आणि नवीन पातं वडोदऱ्यात कुठून आणणार!

वायरमन अलकापुरी

काकांना सांगा फ्यूज-बिज काही उडत नाही. जर्मनीत २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, आपल्याकडे पण तेच. चपटा दोन-पिनी प्लग असेल तर आपल्या सॉकेटात जातो, पिना थोड्या बारीक म्हणून ढिला बसतो, ढिलं कनेक्शन तापतं, म्हणून चांगला घट्ट ॲडॅप्टर घ्या, फूटपाथवरचा तीस रुपयांचा नको. गोल जाडा प्लग असेल तर ॲडॅप्टर लागेलच.

जुनी कमान असेल तर सातही बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकाच वायरीवर एकामागून एक असणार. २३० भागिले ७, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ३३ व्होल्टच्या आसपास. बल्बच्या पितळी गळ्यावर बारीक अक्षरात ३४ व्होल्ट ३ वॅट असं काही असेल, चष्मा लावून वाचा. एक उडाला की सगळी कमान काळी, घाबरायचं नाही, प्लग काढून आधी सगळे बल्ब घट्ट करा, नाहीच तर एकेका जागी चांगला बल्ब लावून बघत जा. होल्डर ई१० म्हणजे छोटा स्क्रूवाला. आपल्याकडे टॉर्चचे बल्ब त्याच होल्डरचे मिळतात पण ते दोन-चार व्होल्टचे, ते लावले तर टपकन जातील. मुलगा येईल तेव्हा सुटे बल्ब आणायला सांगा, तिकडे ते साध्या दुकानात मिळतात. आणि ऑर्डर करताना कमानीतले बल्ब मोजून सांगा, दहावाल्या कमानीचे २३ व्होल्टचे असतात, ते सातवालीत चालणार नाहीत.

पडदा लांब ठेवा. तीन-तीन वॅटच आहेत पण तासन् तास चालतात.

खराद आणि रंधा

माझं घराणं लाकडाचं, संखेड्याच्या (वडोदऱ्याजवळचं लाखेच्या लाकूडकामाचं गाव) खरादींकडे, म्हणजे लेथवर लाकूड कातणाऱ्यांकडे, बरंच येणंजाणं, म्हणून दोन गोष्टी लिहितो.

खोक्यात बारीक प्राणी निघाले का, बोटाएवढे घोडे, गाई? निघाले तर सांभाळा. झायफेनचे लोक ते एकेक कोरत नाहीत. स्प्रूस नावाच्या सूचीपर्णी झाडाच्या ओल्या खोडाची चकती लेथवर चढवतात आणि तिच्यात आतून-बाहेरून खाचा पाडत जातात, बघणाऱ्याला नुसती वेडीवाकडी लाकडी रिंग दिसते, घोडा कुठेच दिसत नाही. मग ती रिंग उतरवून केकच्या तुकड्यासारखी सुरीने उभी चिरतात आणि प्रत्येक कापात घोडा, पाय, शेपूट, मान सगळं! कारागिराला आतला आकार दिसत नाही, हाताच्या अंदाजाने पाडावा लागतो. आमच्या संखेड्याला सागावर कलईची नक्षी काढून वरून लाख चढवतात, लाखेमुळे कलई सोन्यासारखी दिसते, ते मला वाटायचं सगळ्यात अवघड, पण हे रिंगचं काम बघितल्यावर मी गप्प बसलो.

कुरळ्या सालींचं झाड म्हणताय ते लिंडन झाडाच्या एकाच काठीचं असतं. छिन्नीने साल उचलत न्यायची, तोडायची नाही, ती आपोआप वळते. त्याला फडका लावू नका, मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा. बाकी सामानाला पण ओला फडका नको, तेल नको, फर्निचर पॉलिश तर बिलकुल नको, रंग उतरतो.

पिरॅमिडच्या सुईला काही लोक शिलाई मशीनचं तेल घालतात. मी घालणार नाही, तेलावर धूळ बसते आणि दोन वर्षांत चिकटा होतो. पेन्सिलीचं शिसं घासलं तर पुरे.

केमनित्स रिटर्न

@खराद तिकडे बरेच जण एक थेंब घालतात हो, माझ्या शेजारच्या आजोबांचं पिरॅमिड मस्त फिरायचं.

खराद आणि रंधा

त्यांच्या थंडीत चालत असेल. आपल्याकडे मे महिन्यात माळ्यावर काय तापतं ते त्या आजोबांना काय माहीत.

फत्तेगंजचा जॉनी

धूर कमरेतून का येतो ते मी सांगतो. काकू, तुम्ही आणलेल्या कोनाला खाली मधोमध भोक आहे का? हमखास असणार, आजकाल दुकानात तेच पुढे करतात. तो उलट्या धुराचा कोन, त्याचा धूर भोकातून खाली उतरतो, देवाच्या मूर्तीवरून धबधबा पडतो ते स्टँड असतात ना त्याच्यासाठी. म्हाताऱ्याला भोक नसलेला साधा कोन पाहिजे, आणि लहान, आपले काही कोन अंगठ्याएवढे जाड असतात ते आत ठेवले तर लाकूड तापतं. टोक पेटवायचं, ज्योत फुंकून निखारा राहू द्यायचा, आतल्या पत्र्याच्या थाळीवर ठेवायचा आणि वरचं धड बसवायचं. पोट पोकळ आहे, ते धुराड्याचं काम करतं, खालच्या भोकातून हवा आत जाते म्हणून त्याला जाड टेबलक्लॉथवर ठेवू नका. ओला धूप नको, आत चिकट काळं बसतं. तोंडाचं भोक अधूनमधून इअरबडने साफ करा. जर्मन कोन कोळशाची पूड, राळ आणि बटाट्याचं स्टार्च असे बनतात, क्रोटेनडॉर्फचे प्रसिद्ध आहेत, पण चंदन लावलंत म्हणून म्हातारा काही रुसत नाही.

ख्रिश्चन नसल्याचं काय मनावर घेताय. आमच्या घरी दिवाळीला कंदील लागतो तेव्हा कोणी विचारत नाही. आणि ह्यातलं अर्धं सामान धार्मिक नाहीच, खाणवाला आहे, म्हातारा आहे, सैनिक आहे. हां, पिरॅमिडच्या सगळ्यात खालच्या मजल्यावर गाय-गाढव, मेंढपाळ आणि पाळणा असेल तर तो येशूजन्म, त्याला जरा जपा, नातवंडं मेंढ्या पळवतात.

सुपारी_कातरणारा

आणि सैनिकाला खरंच अक्रोड फोडता येतात का? घरी अडकित्ता आहे पण हा भारी दिसतोय

केमनित्स रिटर्न

दाखवायचाच असतो तो. तो लाल कोटवाला झायफेनच्या विल्हेल्म फ्युख्टनरच्या नमुन्यावरचा, १८७० च्या आसपासचा. जुने खरंच फोडायचे, पण आताच्यांना कडक अक्रोड दिला तर सैनिकाचेच दात पडतात. राजा, सैनिक, पोलीस असेच का बनवायचे तर गरिबांची गंमत, साहेबाने आपल्यासाठी अक्रोड फोडावेत!

दांडियाबाजारची काकू

अहो फिरलं की! छताचा पंखाच होता, आणि दोन पाती उलटी बसली होती. कोनाचं पण बरोबर, खाली भोक आहे त्याला. कमान लावली, ह्यांनी आधी स्वतः जाऊन मेन स्विचजवळ उभं राहून घेतलं, मग मी बटण दाबलं. सातपैकी सातही लागले. मेणबत्त्या मात्र ढिल्या बसतात, माझ्या वाट्या १७ च्या निघाल्या. आणि किती दिवस ठेवायचं ते कुणी सांगितलंच नाही.

फत्तेगंजचा जॉनी

बूड फॉइलमध्ये गुंडाळून घट्ट बसवा, पण फॉइल वाटीच्या वर येऊ देऊ नका. तिकडे नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी मांडतात आणि ६ जानेवारीला काढतात, काही घरं २ फेब्रुवारीपर्यंत ठेवतात. तुम्ही ६ लाच काढा. उत्तरायणाला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, त्याच खिडकीतून पोरं गच्चीवर फिरक्या द्यायला-घ्यायला लागली की पिरॅमिडची पाती राहणार नाहीत.

खराद आणि रंधा

काढताना पाती खोबणीतून वेगळी काढा, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा. लाकडी माळ्यावर नको, वाळवी लागते, पत्र्याच्या पेटीत ठेवा आणि सिलिका जेलच्या पुड्या टाका, पावसाळ्यात लाकूड फुगलं की काठी भोकात अडकते. डांबराच्या गोळ्या टाकायच्याच असतील तर फडक्यात बांधून, रंगाला लागू देऊ नका, चिकट होतो.