मदत हवी आहे : दोघी बहिणींचा एकच भ्रम, मनोरुग्णालयातल्या भरतीच्या अर्जावर सही कुणाची?

औसा तालुक्यात शेतवस्तीवर दोघी बहिणी, चाळिशीतल्या. थोरलीला खात्री आहे की बोअरच्या पाण्यात कुणीतरी औषध कालवतंय. आता धाकटीही तेच बोलते. हंड्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं, आणि थोरलीने चाखल्याशिवाय धाकटी घोट घेत नाही. करणीची समजूत गावात बऱ्याच जणांची असते, तो भ्रम नव्हे. पण हे शेजारीपाजारी कुणालाच पटत नाही, म्हणून सामायिक भ्रम, म्हणजे एकीचा भ्रम दुसरीनं खरा मानलेला, असं वाटतं (आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक यादीत एफ२४).

धाकटीला उदगीरला मावशीकडं हलवायचं चाललंय. नुसतं वेगळं केल्यानं दर वेळी भागत नाही. मग तुम्ही डॉक्टर मंडळी किती आठवडे थांबून तिला औषध सुरू करता?

खरी गोची थोरलीची. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातल्या कलम ८९ खाली ३० दिवसांपर्यंत भरतीसाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाच्या वतीनं निर्णय घेणाऱ्याचा) अर्ज लागतो, आणि घरात दुसरी धाकटीच! मावशी नातेवाईक म्हणून थेट सही करू शकते, की याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडून नेमून घ्यावं लागतं? कागद कोणते लागले?

शारीरिक कारण आहे का म्हणून थायरॉइड, बी-१२ तपासून झालंय. थोरलीला ऐकू कमी येतं. कानाच्या मशीननं संशय कमी झाल्याचं कुणी पाहिलंय का?