पीसी चालूच होत नाही म्हणता? या, आपापले अनुभव लिहा

पावसाळा लागला की आमच्याकडं ठरलेलंच, बटन दाबलं की पंखा फिरतो, लाईट लागते आणि स्क्रीन काळी ती काळीच. कोल्हापूरच्या दमट हवेत रॅमच्या (मेमरीच्या कार्डाच्या) सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो बहुतेक, यंदा वायर काढून रॅम उपसली, खोडरबरनं घासली, दोन्ही बाजूच्या क्लिपा कट्ट वाजेपर्यंत दाबून बसवली की लगेच चालू. तुमच्याकडं काय काय झालं ते सांगा, आणि नुसतं 'फॉरमॅट मारा' असलं लिहू नका राव.

*

खोडरबर पांढरा मऊ घ्या, शाई खोडायचा खरखरीत नको, पट्ट्या खरडून निघतात. बाकी बरोबर.

*

राजारामपुरीतनं लिहितोय. आमचा पीसी चालू व्हायचा पण तारीख कुठल्या कुठं मागं, रोज एफ१ दाबा म्हणायचा, आणि बँकेची साईट उघडायचीच नाही कारण तारीख चुकली की सर्टिफिकेट चालत नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानात पण मिळतो. पण खरी गंमत पुढंच, सेल बदलल्यावर निळी स्क्रीन! बायोसची (विंडोजच्या आधी चालतो त्या बोर्डातल्या प्रोग्रामची) सगळी सेटिंग मूळ जागी गेल्यामुळं साटाचा (हार्डडिस्कच्या जोडणीचा) मोड बदललेला, तो परत एएचसीआय केला तेव्हा विंडोज आलं. सेल काढायच्या आधी बायोसचे फोटो मारून ठेवा मोबाईलमध्ये.

*

पेनड्राइव्ह काढून बघा की आधी! आमच्या पोरानं गाण्यांचा लावून ठेवलेला आणि पीसी त्यातच विंडोज हुडकत बसलेला.

*

शाहूपुरी. २०१९ च्या महापुरात तळमजल्यात पाणी आलं, सीपीयू बुडाला. गल्लीत बऱ्याच जणांनी पाणी ओसरल्यावर दोन दिवस उन्हात ठेवून वायर लावली आणि फाट्‌कन एसएमपीएस (पीसीला करंट पुरवणारा डबा) गेला, काहींची हार्डडिस्क पण त्यातच गेली. आमच्या भावजींनी डिस्कला करंट लावूच दिला नाही, तशीच डेटा काढून देणाऱ्याकडं दिली, लग्नाचे फोटो बहुतेक सगळे मिळाले. बोर्ड भंगारात गेला, जाऊ दे. आणि एक, एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका, प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो, लई बेक्कार झटका बसतो.

*

चालू होताना पीसी बीप वाजवतो ते कुणी ऐकत नाही काय? लांब किती, आखूड किती ते लिहून घ्यायचं आणि बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये बघायचं, प्रत्येक बायोसचा हिशोब वेगळा असतो. सरसकट 'तीन बीप म्हणजे रॅम' म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

*

माझा लॅपटॉप अपडेटनंतर लोगोवरच गोल गोल फिरत बसायचा. लोगो आला की पॉवर बटन दाबून धरून बंद, असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की रिपेअरची निळी स्क्रीन येते, तिथनं शेवटचं अपडेट काढता येतं. पण मला आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कला लावायच्या कुलपाची) ४८ आकडी किल्ली मागितली, आता कुठनं आणायची! ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेव्ह होती, मोबाईलवरनं लॉगिन करून मिळाली, पण त्या खात्याचा पासवर्ड आठवायला रात्रीचे दोन वाजले.