जर्मनीतला चर्च-कर

युरोपात धर्म आणि सरकार यांची कधीच फारकत झाली, असं बरेचदा म्हटलं जातं. फ्रान्सपुरतं पटतं, तिथे १९०५चा कायदाच आहे. जर्मनीत मात्र पत्ता नोंदवताना फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तिथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की पगारातूनच चर्च-कर कापला जातो: आयकराच्या ९ टक्के, बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये ८. बहुतेक ठिकाणी वसुली सरकारी करखातंच करतं आणि त्याचा मोबदला चर्चकडून घेतं.

माझ्या जर्मनीतल्या पगारपत्रकावर त्या जागी नुसती रेघ आहे. गोव्याहून आलेल्या माझ्या कॅथलिक सहकाऱ्याला पहिल्या पगारात ही कपात दिसली, आधी कोणी काही सांगितलंच नव्हतं. चर्च सोडायचं तरी बहुतेक राज्यांत सरकारी कचेरीतच जावं लागतं, आणि तो श्रद्धाळू माणूस ते करणार नाही. श्रद्धेची नोंद सरकारदरबारी असावी, हे मला तरी पटत नाही.