विषय: जुने दिवाळी अंक साइटवर टाकले पण फोनवर नुसतं मुखपृष्ठच दिसतंय

प्रेषक: अंक समिती (ताई)

नमस्कार मंडळी,
जुन्या अंकांचं स्कॅनिंग एकदाचं संपलं. तळघरातल्या खोक्यांना ओल लागली होती, दोन अंकांना मुखपृष्ठच नाही, असो. पीडीएफ साइटवर चढवल्या, लॅपटॉपवर झकास दिसतात, पण आयफोनवर पहिलं पान येतं आणि तिथंच थांबतं, अँड्रॉइडवाल्यांकडे सरळ फाइल डाउनलोड व्हायला लागते. काल एका आजींचा फोन आला, "अगं, नुसती मुखपृष्ठंच छापायचात का तुम्ही?" पीडीएफ साइटवरच वाचता यावी म्हणून कुठलातरी व्ह्यूअर बसवायचा असतो म्हणे. कोणाला जमेल?

---

प्रेषक: वेबसाइटवाला

ताई, आजींना सांगा फोन बिघडलेला नाही. पानात फ्रेम करून लावलेल्या पीडीएफचं आयफोन पहिलंच पान दाखवतो, जुनं दुखणं आहे ते. आपण पीडीएफ डॉट जेएस लावू. मोझिलाचं आहे, २०११ला सुरू झालं आणि २०१३पासून फायरफॉक्समध्ये पीडीएफ उघडली की जे दिसतं ते हेच. पीडीएफचं पान जावास्क्रिप्टने ब्राउझरमध्येच रंगवतं, त्यामुळे फोन कुठलाही असो. फुकट आहे आणि सर्व्हरवर तसं "इन्स्टॉल" काही करायचं नसतं, पीएचपी नको, डेटाबेस नको, झिप सोडवायची आणि फोल्डर ठेवायचं. रविवारी दुपारी अर्ध्या तासात उरकतो.

---

प्रेषक: वेबसाइटवाला

अर्धा तास म्हणालो होतो, रात्रीचे साडेअकरा वाजले. पुढच्या कमिटीत कोणावर तरी हे काम येईल म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

झिपमध्ये बिल्ड आणि वेब अशी दोन फोल्डरं असतात. ती जशी आहेत तशी शेजारी शेजारी ठेवायची. मी शहाणपणा करून वेबचं नुसतं पोटातलं उचलून अंकांच्या फोल्डरात टाकलं, आणि व्ह्यूअर तर एक पायरी वर जाऊन बिल्ड शोधतो, तो कुठून सापडणार. ते सरळ केलं तर वरची पट्टी आली, बटणं आली पण सगळी मेलेली, खाली राखाडी रंग. एफ बारा दाबून ब्राउझरच्या तक्रारी दिसतात तो कन्सोल बघितला तर लाल अक्षरात तक्रार, की मॉड्यूल स्क्रिप्ट मागितली आणि सर्व्हरने भलत्याच टाइपची फाइल दिली. झालंय असं की आवृत्ती ४पासून यांच्या फाइलींच्या नावाचं शेपूट जेएसचं एमजेएस झालं, आणि आपल्या होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरला एमजेएस हे प्रकरण माहीतच नाही, तो ती साधी बायनरी म्हणून पाठवतो आणि ब्राउझर चालवायला साफ नकार देतो. सपोर्टला विचारलं तर "कॅशे क्लिअर करा". शेवटी सर्व्हरला सूचना देण्याची एक फाइल असते, त्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये अ‍ॅडटाइपची एक ओळ टाकली, की बाबा एमजेएस म्हणजे टेक्स्ट स्लॅश जावास्क्रिप्ट, आणि सगळं जिवंत झालं. एका ओळीसाठी तीन तास.

(ओळ इथे मुद्दाम चिकटवत नाही, गेल्या वेळी मेलमधून कॉपी करताना अवतरणचिन्हं वाकडी झाली आणि अख्खी साइट झोपली होती. ज्याला हवी त्याने फोन करा.)

मग अंक उघडला तर १४ पानी इंग्रजी शोधनिबंध! ती त्यांची नमुन्याची फाइल, लिंकमध्ये फाइलचं नाव दिलं नाही की तीच समोर येते. म्हणजे लिंक अशी, की व्ह्यूअर डॉट एचटीएमएल, प्रश्नचिन्ह, फाइल, बरोबर, आणि पुढे अंकाचा पत्ता. आणि ताई, "दिवाळी अंक नवीन फायनल #२" असली नावं देऊ नका हो, हॅशच्या पुढचं फाइलच्या नावात धरलंच जात नाही आणि देवनागरीतलं एकेक अक्षर लिंकमध्ये नऊ-नऊ चिन्हांचं होतं, काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजायची. सगळ्यांना अंक-०१, अंक-०२ अशी नावं इंग्रजी अक्षरांत दिली आहेत.

अजून एक. अंकाचा पत्ता अर्धा द्यायचा, म्हणजे साइटचं नाव सोडून, पूर्ण नाही. मी पूर्ण दिला होता तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आलेल्यांना दिसेना आणि न लावता आलेल्यांना दिसत होतं, कारण ब्राउझरच्या लेखी त्या दोन वेगळ्या साइटी आणि व्ह्यूअर दुसऱ्याच्या घरची फाइल उघडत नाही.

---

प्रेषक: खजिनदार काका

सर्वांना नमस्कार. दोन शंका. १) आधीच्या कमिटीने असलाच एक व्ह्यूअर बसवला होता असं स्मरतं, मग हा नवा कशाला? २) डाउनलोडचं बटण काढून टाकावं, लेखकांनी फुकट लेख दिलेत ते मंडळासाठी, गावभर वाटायला नाही. शिवाय बँडविड्थचं बिल मला भरावं लागतं.

---

प्रेषक: वेबसाइटवाला

काका, तो आधीचा सापडला, तोही पीडीएफ डॉट जेएसच पण जुना, तोच आधी उडवला. २०२४मध्ये त्यातलं एक भोक उघडकीला आलं, पीडीएफमधल्या फाँटच्या माहितीत कोड लपवून तो वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालवता येत होता. ४.२.६७ या आवृत्तीत ते बुजवलं, आपला त्याच्या कितीतरी आधीचा होता. बसवून विसरून जायची वस्तू नाही ही, वर्षातून दोनदा तरी नवी आवृत्ती टाकायला हवी.

बटण काढतो, पण त्याने काही अडत नाही, पान दिसतंय म्हणजे निदान तेवढी फाइल वाचणाऱ्याच्या मशीनवर पोचलेलीच असते. खरंच सभासदांपुरतं ठेवायचं तर अंकांच्या फोल्डरला पासवर्ड लावू, तो मात्र मग आजींना फोनवरून तुम्ही सांगायचा.

बिलाचा मुद्दा बरोबर आहे. मोठा अंक १८० एमबीचा आहे! व्ह्यूअर खरं तर शहाणा आहे, ६४-६४ केबीचे तुकडे मागवतो आणि बाकीचं मागून आपोआप आणणं सेटिंगमध्ये बंद केलं की हवं तेवढंच आणतो, पण सर्व्हरने तुकड्यात द्यायला हवं. आपला सर्व्हर पीडीएफसुद्धा जीझिप करून, म्हणजे दाबून लहान करून, पाठवत होता, मग तुकडे बंद आणि अख्खी फाइल खाली. पीडीएफपुरतं जीझिप बंद केलंय. शिवाय क्यूपीडीएफ नावाच्या प्रोग्रामने सगळ्या फाइली लिनियराइझ केल्या, म्हणजे पहिल्या पानाला लागणारं सामान फाइलच्या सुरुवातीलाच बांधलेलं. ताई, स्कॅन ६०० डीपीआय रंगीत केलंत, वाचायला ३०० करडं पुरे, मुखपृष्ठ तेवढं रंगीत ठेवू.

---

प्रेषक: अंक समिती (ताई)

आजींना दिसलं!! मेनूतल्या बटणांची नावं मराठीत येतात म्हणून त्या जास्त खूश आहेत, ते तू केलंस का? एकांच्या जुन्या आयपॅडवर मात्र कोरं पान येतंय. आणि शोधा मध्ये "करंजी" टाकलं तर काहीच सापडत नाही, निदान पाच अंकांत तरी करंजीची कृती आहे, मीच दोनदा लिहिलीये.

---

प्रेषक: वेबसाइटवाला

मराठी त्यांच्याकडे आधीपासून आहे, आजींच्या फोनची भाषा मराठी असणार. जुन्या आयपॅडसाठी लेगसी नावाची वेगळी झिप मिळते, सरळ सगळ्यांना तीच लावतो.

करंजीचं दुखणं व्ह्यूअरचं नाही. स्कॅन म्हणजे फोटो, त्यात अक्षरं नसतातच. बरं, शेवटचे सहा अंक स्कॅन नाहीत, डीटीपीवाल्याने दिलेल्या पीडीएफ आहेत, पण ते युनिकोडच्या आधीचे फाँट, दिसायला देवनागरी आणि आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्यातली ओळ कॉपी करून इथे चिकटवली तर मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं दिसतं. दोन्हीला उपाय एकच, ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाने ओळखायची. ते करणाऱ्या टेसरॅक्ट या प्रोग्रामला मराठी येतं, पानाचा फोटो तसाच राहतो आणि त्याखाली न दिसणारा मजकूर बसतो, मग शोध चालतो. काल अंक ३ करून बघितला. बरंच बरोबर आलं, पण "घर"चं "धर" आणि "भाकरी"ची "माकरी", पान जिथे पिवळं पडलंय तिथे तर बोलूच नका. कोणीतरी डोळ्याखालून घालायला लागणार, निदान अनुक्रमणिका आणि पाककृती तरी.

---

प्रेषक: खजिनदार काका

अंक ११ मी घेतो. त्यात जमाखर्चाचं पान आहे, आकडे तपासायला मीच बरा.

---

प्रेषक: अंक समिती (ताई)

मी ७. त्यात माझी कविता आहे, ती तेवढी नाही शोधात आली तरी चालेल.