मदत हवी आहे: मारुती ८००चं इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र उतरवू की वेगवेगळे?

धागाकर्ता: गाडी १९९८ची, कार्बोरेटरवाली, चार गिअर, एसी आहे. निळा धूर काढते, क्लच घसरतो आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल ठिबकतं. पिस्टनच्या रिंगा आणि क्लच एकदमच करायचे आहेत. शेडच्या गर्डरला एक टनाची चेनपुली आहे, शिवाय दोन घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), जॅक, ८ ते १९चे पाने. खड्डा नाही. कसं करू?

दहाचापाना: खड्डा नाही म्हणजे एकत्र, वरून. गिअरबॉक्स आधी खालून काढायचा तर तो आडवं झोपून छातीवर घ्यावा लागतो. एकत्र काढलात तर जमिनीवर निवांत सुटा करता येतो, आणि परत बसवताना तर फरक जास्तच जाणवतो.

बॅटरीची निगेटिव्ह आधी, मग पॉझिटिव्ह, मग बॅटरी ट्रेसकट बाहेर. बॉनेटच्या बिजागरीभोवती मार्करने रेघ मारा, नाहीतर नंतर फटी जुळवत बसाल. कूलंट, इंजिन ऑईल, गिअर ऑईल तिन्ही काढा. गिअर ऑईल राहिलं तर एक्सल (गिअरबॉक्समधून चाकाला जाणारा दांडा) ओढताच सगळं अंगावर येतं. रेडिएटर पंख्यासकट काढा. एसीचे पाइप सोडू नका. कॉम्प्रेसर ब्रॅकेटवरून सोडून पाइपांसकट बाजूला तारेने बांधा, गॅस वाचतो.

मग क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, चोक केबल, स्पीडोमीटर केबल, हीटरचे दोन्ही पाइप. पेट्रोलच्या पाइपांना बोल्ट खुपसून क्लिप लावा. खालून गिअर रॉड आणि त्याच्या शेजारचा एक्स्टेन्शन रॉड. सायलेन्सरच्या फ्लँजचे नट गंजलेले असणारच. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑईल मारून ठेवा, स्टड तुटला तर अर्धा दिवस त्यातच जातो.

विसरतात त्या दोन गोष्टी: रिव्हर्स स्विचची वायर आणि बॉडीपासून गिअरबॉक्सला आलेली अर्थची पट्टी. प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून त्यावर लिहा. डिस्ट्रिब्युटरची कॅपही काढून ठेवा, वर येताना तीच आपटते.

ग्रीसमामा: वरच्याशी सहमत, पण केवळ गळतीसाठी कुणी हा धागा वाचत असेल तर थांबा. तेवढ्यासाठी इंजिन काढायचं काहीच कारण नाही, गिअरबॉक्स खाली घेतला की पुरे. आधी ठिबकणारं तेल बोटावर घेऊन हुंगा. गंधकासारखा उग्र वास आला तर गिअर ऑईल, म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचमध्ये शिरणाऱ्या दांड्याचं) सील. नसेल तर इंजिन ऑईल, म्हणजे क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील. तेलाने भिजलेली क्लच प्लेट पेट्रोलने धुऊन परत लावू नका, अस्तरात मुरलेलं तेल गरम झालं की पुन्हा वर येतं.

धागाकर्ता: बाकी सगळं सुटलं. डावा एक्सल मात्र गिअरबॉक्समधून निघत नाही. चाकाकडून जोर लावून ओढू का?

ग्रीसमामा: मुळीच नाही! तसं ओढलंत तर एक्सलचा आतला जॉइंट रबरी बूटमध्येच सुटा होतो. टोकाला स्प्लाइनवर (दांड्यावरच्या खाचांवर) सर्कलिप, म्हणजे स्प्रिंगची छोटी कडी असते, तीच अडवते. लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडून नकल (चाक धरणारा भाग) बाहेर ढकला. मग गिअरबॉक्स आणि जॉइंटचं कप यांच्या फटीत टॉमी (लोखंडी पहार) घालून एकच झटका द्या. टॉमी सीलच्या कडेला टेकवू नका. सील तसंही नवंच लावा. एक्सल लोंबकळत ठेवू नका, तारेने आडवा बांधा.

दहाचापाना: उचलताना साखळी इंजिनच्या हुकांनाच लावा. मॅनिफोल्डला किंवा व्हॉल्व्ह कव्हरला नको. साखळीला नुसता ताण येईल एवढंच खेचा, मग माउंटिंगचे बोल्ट काढा. गिअरबॉक्सची बाजू किंचित खाली झुकवली की जोडी सहज वर येते. चार बोटं वर आली की थांबून भोवती हात फिरवा, एखादी वायर अडकलेली असतेच. पुलीवर टांगलेल्या इंजिनखाली हात घालायचा नाही. लहान आहे म्हणून दोघं जण हाताने उचलतात, पण बोटं चेंगरतात ती तिथेच.

धागाकर्ता: इंजिन बाहेर आलं. जमिनीवर ठेवून सगळे बोल्ट काढले, तरी गिअरबॉक्स एका बाजूने चिकटलाय.

दहाचापाना: सगळे काढले नाहीत :) स्टार्टरचे बोल्ट बघा, आणि खाली फ्लायव्हीलच्या पत्र्याचे. ते निघाले असतील तर डॉवेल पिना (दोन्ही भाग जुळवून धरणाऱ्या खुंट्या) गंजल्यात. दोन्ही बाजूंनी आळीपाळीने लाकडी ठोकळ्यावरून हलके ठोका. स्क्रूड्रायव्हर खुपसलात तर ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग खरवडतो.

जोडताना गिअरबॉक्सचं वजन क्षणभरही इनपुट शाफ्टवर टांगू देऊ नका, क्लच प्लेटचा हब वाकतो आणि मग क्लच नीट सुटत नाही. प्लेट अलाइनमेंटच्या दांड्याने मध्यावर धरा, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळा. शेवटची फट हातानेच मिटली पाहिजे. बोल्टने ओढून मिटवलीत तर बेल हाउसिंगचा (गिअरबॉक्सच्या क्लच झाकणाऱ्या भागाचा) कान तडकतो. मिटत नसेल तर चौथ्या गिअरमध्ये टाकून दोन्ही एक्सलच्या भोकांतून एकाच दिशेने हलकं फिरवा, स्प्लाइन बसेल.

ग्रीसमामा: रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील आत्ताच बदला. गिअर ऑईल लेव्हल प्लगच्या भोकातून ओघळेपर्यंत भरायचं, गाडी सपाट उभी करून.

धागाकर्ता: क्लच पेडलची मोकळी चाल किती ठेवू?

दहाचापाना: साधारण २० मिमी. नवी प्लेट बसल्यावर ५०० किमीनंतर पुन्हा तपासा.